जिथून धूळ येते, तिथूनच आवाज येतो

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी आहे. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी घेतलेली, डिझेलवर चालणारी, हार्ड टॉपची फोर बाय फोर गाडी आहे. शेतापर्यंतचा तीन किलोमीटरचा रस्ता काळ्या मातीचा असल्यामुळे गेल्या पावसाळ्याआधी मी तिला खोल नक्षीचे मड टायर बसवले आणि टपावर लोखंडी कॅरिअर व समोर दिव्यांची पट्टी लावून घेतली. दर महिन्याला आईला तपासणीसाठी धुळ्यामार्गे नाशिकला न्यावे लागते. आईला श्रवणयंत्र आहे, पण गाडीने साठचा वेग ओलांडला की ती ते काढून डबीत ठेवते. कानात नुसते घोंगावते असे तिचे म्हणणे आहे. त्यानंतर नाशिक येईपर्यंत आम्हा दोघांत काही बोलणे होत नाही. उन्हाळ्यात जाताना आवाज जास्त आणि येताना कमी, असेही मला जाणवते. जळगावातल्या एका दुकानदाराने तळ, छत आणि दरवाजे यांना पत्र्याची थरथर दाबणारी डँपिंग शीट आणि त्यावर जाड स्पंजचे कार्पेट, असे सगळे काम ४५ हजार रुपयांत करून देण्याची तयारी दाखवली आहे. ते करून घ्यावे का?

— एक वाचक, यावल तालुका

उत्तर

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. हे काम आत्ता करून घेऊ नका, आणि स्पंजचे कार्पेट तर कधीच घालू नका. आपल्या गाडीतला बराचसा आवाज पत्र्याच्या थरथरण्यामुळे नव्हे, तर टायरांमुळे, टपावरच्या कॅरिअरमुळे आणि दरवाज्यांच्या रबरांमधल्या फटींमुळे येत असावा, असे आपल्या पत्रातल्या तपशिलांवरून मला वाटते. या तिन्हींवर उपाय होण्याआधी पत्र्यावर शीट चिकटवणे म्हणजे कौले फुटलेली असताना भिंतींना गिलावा करण्यासारखे आहे. शीटचा उपयोग नाही असे नाही. त्यांची पाळी शेवटी येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

धुळ्याला माझ्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री आहेत. आवाजाची तक्रार घेऊन कोणी आले की ते गाडीला हात लावण्याआधी अहिराणीत एकच सांगतात : ‘भाऊ, आवाज कथाईन ई ऱ्हायना ते पहिले देखा.’ आवाज कुठून येतो ते आधी पाहा. या सांगण्यामागे ध्वनिशास्त्राचा एक पक्का नियम आहे आणि तो समजला तर आपले बरेच पैसे वाचतील. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबलची बेरीज साध्या आकड्यांसारखी होत नाही. सारख्याच मोठेपणाचे दोन आवाज एकत्र आले तर एकूण आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. उलट बाजूने पाहिले तर, टायरांचा आवाज बाकी सगळ्या आवाजांच्या एकत्रित मापापेक्षा १० डेसिबलने मोठा असेल, तर ते बाकीचे सगळे आवाज पूर्णपणे बंद करूनही गाडीतला आवाज अर्ध्या डेसिबलनेही उतरत नाही, आणि एवढा फरक कानाला कळत नाही. माणसाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते. म्हणून सगळ्यात मोठा आवाज आधी पकडावा लागतो. तो तसाच ठेवून बाकी कशावरही कितीही खर्च केला तरी आईंना फरक पडणार नाही.

आता आपण जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याकडे वळतो, कारण सगळ्या पत्रात मला ते सर्वांत मोलाचे वाटले. उन्हाळ्यात जाताना आवाज जास्त आणि येताना कमी, हा आपला भास नाही. तापीचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले आहे आणि चैत्र-वैशाखापासून पश्चिमेचा वारा या खोऱ्यातून जोराने वर येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या या वाऱ्याच्याच भरवशावर, आणि आपल्या केळीबागांना भीती असते तीही त्याचीच. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याकडे जाताना आपण या वाऱ्याच्या तोंडावर जात असतो. गाडीचा काटा ताशी ८० किलोमीटर दाखवत असेल आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर गाडीवर आदळणारी हवा ११० च्या वेगाने आदळत असते. वाऱ्यामुळे होणारा आवाज वेगाच्या जवळपास सहाव्या घाताने वाढतो. त्या हिशेबाने, समोरच्या वाऱ्यामुळे ८० चे ११० झाले की हा आवाज साधारण ८ डेसिबलने वाढतो. येताना हाच वारा पाठीशी असतो आणि तेवढा ताण कमी होतो. टायरांना मात्र वाऱ्याची दिशा कळत नाही. त्यांचा आवाज जाता-येता सारखाच राहतो. तेव्हा जाण्या-येण्यात कानाला जाणवणारा फरक पडत असेल, तर आपल्या गाडीत वाऱ्याचा वाटा मोठा आहे हे आपण स्वतःच शोधून काढले आहे.

याच्या जोडीला आणखी एक परीक्षा करा. डांबरी रस्ता संपून काँक्रीटचा सुरू होतो, किंवा जुन्या खरबरीत डांबरावरून गाडी नव्या गुळगुळीत डांबरावर येते, त्या क्षणी कान द्या. वेग तोच असताना आवाजाचा पोत एकदम बदलला, तर तो आवाज टायरांचा आहे. काहीच बदलले नाही, तर तो वाऱ्याचा आहे. सपाट, सरळ आणि मागे-पुढे वाहन नसलेल्या रस्त्यावर, इंजिन चालू ठेवून, काही क्षण गिअर न्यूट्रलमध्ये घालून पाहा. आवाज तसाच राहिला तर इंजिनाचा त्यात हात नाही. ही परीक्षा घाटात किंवा उतारावर अजिबात करू नये. सावकाश डावी-उजवीकडे झुकत जाताना घरघर कमी-जास्त होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगची शंका घ्यावी. अॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर सुईसारखा बारीक सूर बदलत असेल, तर डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरसंच, तपासून घ्यावे. आणि शेतातून बाहेर पडल्यावर गाडी फोर-व्हीलमधून टू-व्हीलमध्ये आणायची राहून गेलेली नाही ना, हेही एकदा पाहावे. अशा गाड्यांत कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये धावणे आवाजापेक्षाही गिअर-शाफ्टच्या दृष्टीने घातक असते.

मोजमापासाठी मोबाइलवरचे आवाज मोजणारे कोणतेही ॲप चालेल. त्याचा आकडा प्रयोगशाळेइतका खरा नसला तरी आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून पाहण्यापुरता तो विश्वासाचा असतो. अट एवढीच की रस्त्याचा तुकडा तोच असावा, वेग तोच असावा, मोबाइल त्याच जागी, शक्यतो आईंच्या डोक्याच्या उंचीवर, शेजारच्या माणसाने धरलेला असावा, काचा बंद असाव्यात आणि एसीचा पंखा एकाच आकड्यावर असावा. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना मोजलेले आकडे एकमेकांशी ताडणे सोपे जाते. वहीत तारखेसह नोंद ठेवा.

वाऱ्याच्या आवाजात आपल्याकडचा पहिला आरोपी टपावर आहे. लोखंडी नळ्यांच्या कॅरिअरवरून हवा जाताना प्रत्येक नळीच्या मागे, वरून आणि खालून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्या लयीचाच सूर ऐकू येतो. नळी २५ मिलिमीटर जाडीची असेल आणि गाडी ताशी ९० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २५ मीटरने जात असेल, तर हा सूर साधारण २०० हर्ट्झचा येतो. हेच ते कानात भरणारे घोंगावणे. बारीक अँटेना किंवा दिव्याच्या पट्टीची पातळ कड याच कारणाने शिट्टी वाजवते. जाडी कमी होते तसा सूर चढतो. कॅरिअर आपण खरोखर किती वेळा वापरता याचा विचार करा. केळीच्या हंगामात वापरत असाल, तर त्या दिवसांत बसवा आणि नाशिकला जाण्याच्या आदल्या दिवशी चार बोल्ट काढून खाली उतरवा. ते शक्य नसेल, तर आडव्या नळ्यांवर हाताच्या बोटाएवढी दोरी मळसूत्रासारखी, वेढ्यांमध्ये अंतर ठेवून, घट्ट गुंडाळा. भोवरे एका लयीत सुटण्याचे त्यामुळे थांबते आणि सूर मोडतो. उंच पोलादी धुराड्यांच्या वरच्या भागावर अशीच पिळदार पट्टी लावलेली असते, ती याच तत्त्वावर. दोन्ही टोके पक्की बांधा. दिव्यांची पट्टी काचेच्या वरच्या कडेला असेल तर ती काढून एक फेरी मारून पाहा. माझ्या अनुभवात, अनेक गाड्यांमधला उंच सूर एवढ्यानेच गेला आहे.

दुसरा आरोपी दरवाज्यांची रबरे आहेत आणि इथे खानदेशातल्या माणसाला एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाला नाही. आपल्याकडे फुफाटा आहे. हवा ज्या फटीतून आत येते, तिथूनच धूळ येते आणि तिथूनच आवाज येतो. गाडी आतून स्वच्छ पुसून घ्या, काचा बंद करा आणि कोरड्या शेतरस्त्यावर दुसऱ्या एखाद्या वाहनाच्या मागे पाच-दहा मिनिटे चालवा. मग गाडी उभी करून सगळे दरवाजे उघडा आणि रबरांच्या आतल्या बाजूला धुळीच्या रेषा कुठे कुठे उठल्या आहेत ते पाहा. काळ्या रबरावर मातकट शेपट्या जिथे दिसतील, तिथे खडूने खूण करा. विशेषतः मागचा दरवाजा पाहा. स्टेपनीचे वजन त्याच्यावर टांगलेले असल्यामुळे खराब रस्त्यांवर तो बिजागरीतून किंचित खाली येतो आणि वरच्या कोपऱ्यात फट पडते. हार्ड टॉप जिथे समोरच्या काचेच्या चौकटीला मिळतो तो सांधाही विसरू नका. तिथली धूळ छताच्या अस्तरात मुरते आणि दिसत नाही; तिथे हात फिरवून पाहावे लागते.

धुळीने सांगितलेले पक्के करण्यासाठी दहाची नोट घ्या. रबर आणि चौकट यांच्यामध्ये ती धरून दरवाजा बंद करा आणि ओढा. ताण देऊन निघाली तर रबर दाबले जात आहे. सहज सरकली तर तिथे दाब नाही. हे दरवाजाभर वीतभर अंतराने करत जा. बऱ्याच वेळा रबर नवे घेण्याची गरजच नसते. चौकटीवरची कुलुपाची खुंटी स्क्रू सैल करून किंचित आत सरकवली की दरवाजा घट्ट बसतो. हे काम अनुभवी फिटरकडून करून घ्या, कारण जास्त सरकवली तर दरवाजा आपटून लावावा लागतो आणि आईंना तो उघडता येणार नाही. रबर चिरलेले किंवा कायमचे चपटे झालेले असेल तर मात्र मूळ कंपनीचेच घ्यावे. बाजारात मिळणारी चिकट पट्टीची रबरे चालून जातात, पण मेच्या उन्हात त्यांचा गोंद सुटतो. चांगल्या रबरांनाही आपले कोरडे ऊन सोसत नाही. वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि दिवाळीनंतर, ती ओल्या फडक्याने पुसून त्यांवर सिलिकॉनचे ग्रीस बोटाने पातळ लावावे. इंजिन ऑइल, साधे ग्रीस किंवा रॉकेल लावू नका. दरवाज्यांच्या रबराला खनिज तेल मानवत नाही; ते फुगते आणि मऊ पडते.

फटी बुजवूनही वाऱ्याचा आवाज राहिला, तर रंगकाम करणारे वापरतात ती कागदी चिकटपट्टी आणा. डाव्या बाजूच्या दरवाज्याचे सगळे सांधे, आरशाचा बुंधा आणि समोरच्या काचेच्या उभ्या खांबाची कड बाहेरून पट्टीने झाका आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन मोजा. आकडा उतरला तर एकेक पट्टी काढत पुन्हा मोजा. जी काढल्यावर आवाज परततो, तिथे दोष आहे. चालकाच्या दरवाजाला पट्टी लावू नका, प्रसंगी पटकन बाहेर पडता आले पाहिजे. या गाड्यांची समोरची काच जवळपास उभी असते, त्यामुळे तिच्या दोन्ही कडांवरून हवा वळताना भोवरे बाजूच्या काचांवर, म्हणजे नेमके पुढे बसणाऱ्यांच्या कानाशी आदळतात. तेवढा आवाज गाडीच्या आकाराचा आहे आणि तो पूर्ण जाणार नाही. तो जाईल असे जो दुकानदार सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता टायर. आपण मड टायर का घेतले हे मला ठाऊक आहे. ओल्या काळ्या मातीत साध्या टायरची नक्षी दोन फेऱ्यांत लिंपून जाते आणि गाडी जागच्या जागी फिरते, त्यामुळे आपला निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण ज्या मोठ्या खाचांमुळे चिखल बाहेर फेकला जातो, त्याच खाचांमध्ये डांबरावर हवा कोंडली जाऊन दाबाने बाहेर फुटते, आणि प्रत्येक ठोकळा रस्त्यावर थाप मारतो. टायर-रस्त्याचा आवाज साधारण ८०० ते १,००० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो, आणि माणसाचे बोलणे समजण्यासाठी जो पट्टा सर्वांत महत्त्वाचा, त्यातच हा आवाज येऊन बसतो. आईंना आवाज मोठा वाटतो यापेक्षा त्या आवाजाखाली आपले शब्द बुडतात, हे त्यांचे खरे दुःख आहे. श्रवणयंत्र शब्दांबरोबर ही घरघरही मोठी करते, म्हणून त्या ते काढून ठेवतात.

वर्षातले दोन-तीन महिने चिखल आणि बाकीचे नऊ-दहा महिने डांबर, असा आपला हिशेब असेल, तर माझा स्पष्ट सल्ला असा की त्या ४५ हजारांतला मोठा भाग मूळ मापाच्या रोड टायरांच्या किंवा सौम्य नक्षीच्या, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या ऑल-टेरेन टायरांच्या संचावर खर्च करा. मड टायर फेकू नका. ते जुन्या रिमांवर चढवून सावलीत, उन्हापासून आणि डिझेल-ऑइलपासून दूर ठेवा आणि मृगाच्या आधी बसवा. टायर निवडताना माप बदलू नका. नोंदणीच्या कागदांवरच्या रचनेपेक्षा गाडी वेगळी करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत, आणि मोठ्या टायरमुळे वेगाचा काटाही चुकीचा दाखवतो. विकत घेण्याआधी बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. ‘२३२४’ असे असेल तर ते टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले आहे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले रबर कडक होते आणि कडक रबर जास्त वाजते.

नवे टायर घेईपर्यंत आहेत त्यांच्याकडे लक्ष द्या. तळहात नक्षीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर ठोकळे एकीकडून झिजले आहेत आणि आपल्याला ऐकू येणारी घरघर बरीचशी त्यांचीच आहे. चाकांचे अलाइनमेंट करून घ्या आणि दर ८,००० किलोमीटरच्या आसपास चाके पुढची मागे अशी आलटून-पालटून लावत जा. हवेचा दाब दरवाज्याच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेला असतो तेवढाच, टायर थंड असताना ठेवा. आवाज कमी व्हावा म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना कमी हवेचे टायर महामार्गावर तापून फुटते.

एवढे सगळे झाल्यावर पुन्हा आकडे मोजा. त्यानंतरही आत गुणगुण उरली असेल, तर पत्र्याकडे वळायला हरकत नाही. थार, गुरखा, जिमनी यांसारख्या गाड्यांची बॉडी लोखंडी शिडीसारख्या वेगळ्या चासीवर रबरी आधारांवर बसवलेली असते. हे आधार दबले किंवा त्यांचे बोल्ट सैल झाले तर रस्त्याचा प्रत्येक ठोका थेट पत्र्यात येतो, म्हणून शीट लावण्याआधी ते तपासून घ्या. गिअरच्या आणि फोर-व्हीलच्या दांड्यांची रबरी बुटेही पाहा. त्यांच्याखाली थेट गिअरबॉक्सवर उघडणारे भोक असते, आणि बूट फाटलेले असेल तर तेवढ्या एका भोकातून येणारा आवाज सगळ्या तळाच्या शीटवर पाणी फिरवतो.

शीट दोन प्रकारच्या मिळतात आणि खानदेशात हा फरक फार महत्त्वाचा आहे. स्वस्त असतात त्या डांबराच्या. उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या गाडीचा टप ७० अंशांच्या वर सहज तापतो. त्या उष्णतेत डांबरी शीट मऊ पडते, वास सोडते आणि छतावरून सुटून अस्तरावर लोंबते. ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा असलेली, साधारण २ मिलिमीटर जाडीची शीटच घ्या. पैसे देण्याआधी एक तुकडा मागून घ्या आणि तो दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खालच्या बाजूने चिकटवून चार दिवस ठेवा. सरकला किंवा वास आला, तर ते दुकान सोडा. ही शीट पत्र्याची थरथर खाते. समोरून येणारा आवाज अडवणे हे तिचे काम नाही. म्हणून सगळा पत्रा मढवण्याची गरज नसते. मोकळ्या, सपाट पत्र्याच्या मधला चौथा हिस्सा ते अर्धा भाग झाकला, पत्रा आधी तेलकटपणा जाईपर्यंत पुसला आणि शीट रोलरने एकही बुडबुडा न ठेवता दाबून बसवली, की काम होते. बोटाच्या पेराने टकटक करून पाहा : रिकाम्या डब्यासारखा ‘ढण’ जाऊन लाकडासारखा ‘ठप’ आला पाहिजे. सुरुवात मागच्या चाकांवरच्या कमानींपासून करा, मग पुढचे दरवाजे, मग छत. छताला शीटच्या वर बंद छिद्रांच्या फोमचा थर दिला तर पावसाचा ताशा आणि वैशाखाचे ऊन, दोन्ही थोडे उतरतील. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघून जाण्याची छिद्रे असतात. ती कारागिराने बुजवलेली नाहीत हे स्वतः पाहा. एअरबॅगच्या वायरींजवळ आणि सायलेन्सरच्या वरच्या तळावर कोणाचाही हात पडू देऊ नका. पूर्ण गाडीला असे काम केले तर वजन ४० किलोंच्या आसपास वाढते, हेही लक्षात असू द्या.

आणि आता स्पंजच्या कार्पेटबद्दल, ज्याला मी सुरुवातीलाच ठाम नकार दिला. माझ्या पहिल्या जीपमध्ये मी जाड स्पंज आणि त्यावर सुंदर कार्पेट घालून घेतले होते. एका श्रावणात अनेर नदीच्या फरशीवरून जाताना पाणी दरवाज्याच्या खालच्या कडेला लागले. गाडी बाहेर आली, कार्पेट वरून दोन दिवसांत वाळले आणि मी तो प्रसंग विसरलो. स्पंज मात्र वाळला नव्हता. पुढच्या होळीला गाडीत कुबट वास येऊ लागला म्हणून कार्पेट उचलले, तेव्हा चालकाच्या पायाखालचा पत्रा बोटाने दाबल्यावर पापडासारखा मोडला. तळ कापून नवा वेल्ड करावा लागला, आणि त्या दिवसापासून चिखला-पाण्यात जाणाऱ्या गाडीत पाणी धरणारी कोणतीही वस्तू मी पत्र्याला लागून ठेवलेली नाही. तळाला काही घालायचेच असेल तर बंद छिद्रांचा, पाणी न शोषणारा फोम आणि त्यावर उचलून धुता येईल असे जड रबरी पायपोस घाला. ते पत्र्याला चिकटवू नका. पावसाळ्यात दर पंधरवड्याला उचलून खालचा पत्रा कोरडा आहे का ते पाहा. शेतात उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर नमद्याचे घर करतात, हे वेगळे सांगायला नको. बोनेटखाली नमदा लावण्याच्या सूचनेलाही त्याच कारणाने नकार द्या.

शेवटी आईंबद्दल. त्यांना पुढच्याच जागेवर बसवा. मागची जागा चाकांच्या कमानींवर आणि स्टेपनीच्या दरवाज्याजवळ असल्यामुळे सर्वांत गोंगाटाची असते. पुढे बसल्यावर त्यांचा डावा कान काचेकडे आणि उजवा आपल्याकडे असतो. श्रवणयंत्र एकाच कानाला असेल तर ते कोणत्या बाजूला आहे हे पाहा, आणि दोन्ही कानांना असेल तर प्रवासात काचेकडच्या यंत्राचा आवाज कमी ठेवता येतो का, हे यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञांना विचारा. बऱ्याच नव्या यंत्रांमध्ये गोंगाटासाठी वेगळी जुळवणी करून मिळते. पुढच्या तपासणीला नाशिकला जाल तेव्हा हे काम त्याच खेपेत उरकेल. आपल्या स्वतःच्या कानात बोळे किंवा हेडफोन मात्र घालू नका. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न चालकाला ऐकू आला पाहिजे.

एक उपाय बिनपैशाचा आहे आणि तो उद्यापासून करता येईल. वेग १०० वरून ८० वर आणला तर वाऱ्याचा आवाज साडेपाच ते सहा डेसिबलने आणि टायरांचा तीन ते चार डेसिबलने उतरतो. एवढी घट कोणत्याही दुकानातली शीट एकटी देऊ शकत नाही. उन्हाळ्यात पहाटे निघा. वारा दुपारी चढतो, आणि धुळे ओलांडेपर्यंत तो आपल्या तोंडावर येणार नाही. कॅरिअर उतरवून आणि रबरे नीट करून पहिली फेरी झाली की आईंनी यंत्र कोणत्या गावापर्यंत कानात ठेवले, तेवढे मला अवश्य कळवा.